सहाही कुत्र्यांचं पुढे काय झालं

माझ्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझं अक्षर पाहून.

तेव्हा मी लंडनजवळच्या स्लाऊमध्ये नवीन होते. ऑफिस ट्रेडिंग इस्टेटमध्ये होतं, आणि तोवर पाहिलेल्या सगळ्या खोल्यांत एक तर भिंतींना बुरशी होती, नाहीतर एका किचनमध्ये सात जण होते. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी या घराचा नंबर दिला. दार उघडलं ते ऐंशीला टेकलेल्या, उंच, सडपातळ गृहस्थांनी. घरातच होते, तरी टाय लावलेला. मी कुठे काम करते, पाहुणे येतात का, नॉनव्हेज शिजवते का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. समोर कागद-पेन ठेवलं आणि म्हणाले, "मराठीत चार ओळी लिहा. काहीही."

मी आमच्या नागपूरच्या घराचा पत्ता लिहिला. त्यांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला.

"वाचता येतंय," ते म्हणाले. "कधी येताय राहायला?"

"अहो, तिला आधी खोली तरी दाखवा," आतून काकूंचा आवाज आला.

अक्षराचं कारण मला महिन्याभराने कळलं. काका एक इतिहास लिहीत होते. जवळजवळ पन्नास वर्षं लिहीत होते, आणि आता हात कापायला लागल्यामुळे त्यांना स्वतःचंच नवं अक्षर वाचता येईनासं झालं होतं. इतिहास होता इथल्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या राष्ट्रीय शर्यतीचा. दर वर्षी देशभरातली सगळ्यात वेगवान कुत्री एका स्टेडियमवर येतात, फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, आणि शेवटी सहा उरतात. खोटा ससा रुळावरून पुढे पळतो, सहा पेट्यांची दारं एकदम उघडतात आणि अर्ध्या मिनिटात सगळं आटोपतं. त्या अर्ध्या मिनिटापायी काकांनी अठ्ठावीस लांब वह्या भरल्या होत्या.

काकू त्याला 'कुत्रपुराण' म्हणायच्या. "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर बागकाम करतात," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे आयर्लंडला फोन चालतात. मेलेल्या कुत्र्यांची चौकशी."

ते अगदी खरं होतं. शनिवारी दुपारी जेवण झालं की काका टायची गाठ नीट करायचे, फोन समोर घ्यायचे आणि मिरजेच्या वळणाच्या स्वच्छ इंग्रजीत सुरुवात करायचे, "गुड आफ्टरनून मॅडम. आय ॲम कॉलिंग अबाउट अ डॉग." पलीकडे बहुधा एखाद्या जुन्या ट्रेनरची म्हातारी बायको नाहीतर मुलगी असायची. ती सांगायची, तो कुत्रा ना, तो केव्हाच गेला. काका म्हणायचे, "येस मॅडम. बट वेअर?"

कारण त्यांचा इतिहास इतरांसारखा नव्हता. प्रत्येक वर्षाच्या अंतिम शर्यतीला एक पान, आणि त्यामागे पानंच्या पानं फोनवरची टिपणं. पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ. रेघेच्या वर शर्यत: कुठल्या पेटीत कोण, जॅकेटचा रंग, वळणावर काय झालं, पहिला कोण, सहावा कोण. रेघेच्या खाली एकच शब्द, 'नंतर', आणि त्याखाली सहाही कुत्र्यांचं पुढे काय झालं ते. कुणी शेतावर गेला आणि दहा वर्षं चुलीपुढे झोपला. कुणाला पिल्लं झाली. एक कुत्री एका शाळामास्तरणीकडे राहिली आणि तिच्याबरोबर रोज पोस्टापर्यंत चालत जायची. आणि पुष्कळांपुढे, विशेषतः जुन्या काळातल्या, दोन शब्द: 'सुई दिली.' पळणं थांबलं की तेव्हा इंजेक्शन देऊन संपवायचे. जिथे काही कळलं नाही तिथे काका प्रामाणिकपणे लिहायचे, 'माहीत नाही.' आणि तारीख घालून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी परत फोन करता येईल.

"पहिला कोण आला हे कुणीही सांगेल," ते म्हणायचे. "पाटीवर लावलेलं असतं."

आपल्या आयुष्यात त्यांनी कुत्र्यावर एकदाही पैसे लावले नव्हते. घरात कुत्रंही नव्हतं. ते या प्रकारात पडले ते नोकरीमुळे. दिवसा पंख्यांच्या कारखान्यात, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी लंडनच्या एका स्टेडियमवर, पांढरा कोट आणि हॅट घालून, शर्यतीआधी कुत्री लोकांसमोरून फिरवून पेटीपर्यंत न्यायची. इथे आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी ते काम धरलं.

"का धरलंत?" मी विचारलं होतं.

"ग्रेहाउंडला एक सवय असते," काका म्हणाले. "ओळख झाली की पायाला टेकून उभा राहतो. सगळं वजन टाकून. मी या देशात आल्याला आठ महिने झाले होते. मला टेकून उभं राहणारं ते पहिलं कुणीतरी."

त्यांच्या बोलण्यात स्वतःविषयी एवढं मोठं वाक्य मी क्वचितच ऐकलं. एरवी ते मला मराठी शिकवण्यात गुंतलेले असत. मी काही 'करून राहिले' म्हटलं की विचारायचे, "करून झाल्यावर राहणार की राहून झाल्यावर करणार?" पॅसेजमध्ये सहा खुंट्या होत्या, शर्यतीतल्या सहा पेट्यांच्या रंगांच्या: लाल, निळी, पांढरी, काळी, नारिंगी आणि सहावी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. माझ्या कोटाला पट्ट्यांची मिळाली, कारण सकाळी घरातून सगळ्यात शेवटी मी बाहेर पडायचे. एकदा प्लंबरने आपला कोट लाल खुंटीवर टांगला तर काकांनी त्याला हे सगळं समजावून सांगितलं, आणि तो बिचारा गळका नळ सोडून ऐकत उभा राहिला.

मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना 'माझा छंद' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. काका पन्नास मिनिटं बोलले. सुरुवात छान झाली. ही शर्यत या देशात कशी आली, एके काळी फुटबॉलपेक्षा जास्त गर्दी कशी व्हायची, महायुद्धात स्पर्धा बंद पडली आणि युद्ध संपल्यावर लोक कसे लोटले, मग एकेक स्टेडियम पाडून तिथे फ्लॅट आणि ऑफिसं कशी आली आणि ही स्पर्धा बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखी एका गावाहून दुसऱ्या गावाला कशी फिरली. लोकांना आवडत होतं. मग काकांनी कागद उलटला आणि सहाव्या आलेल्या कुत्र्यांकडे वळले. हळूहळू हॉल रिकामा झाला, कारण बाजूच्या खोलीत मसालेभात वाढायला लागले होते. शेवटी समोर मी, साउंडवाला आणि काकू. काकू पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, शेवटच्या वाक्यापर्यंत बसल्या. घरी येताना गाडीत मात्र म्हणाल्या, "सुई दिली, सुई दिली, किती वेळा म्हणालात. लोकांच्या हातात प्रसाद होता."

माझं काम ठरलेलं होतं. रविवारी सकाळी दोन तास, आधी काका सांगतील त्या नव्या नोंदी वहीत उतरवायच्या, मग किचनच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन, वहीतल्या मराठीचं इंग्रजी करून टाइप करायचं. कारण हा सगळा इतिहास, इंग्लंडमधल्या इंग्रजी कुत्र्यांचा, काकांनी मराठीत लिहिला होता.

"मराठीत का काका? इथे वाचणार कोण?"

"इंग्रजीत मला खोटं लिहिता येतं," ते म्हणाले. "कारखान्यात रोज लिहायचो. ऑल चेक्ड, ऑल ओके. हात आपोआप चालायचा."

असे दोन वर्षांचे रविवार गेले. एकोणिसाव्या वहीत मला ते पान लागलं. वर शर्यत व्यवस्थित होती. खाली पाच कुत्र्यांचं सगळं लिहिलेलं. पाचव्या पेटीतल्या कुत्रीसमोर मात्र काहीच नाही. 'माहीत नाही' असंही नाही आणि तारीखही नाही. कोरी जागा.

"काका, इथे राहिलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढचं पान घे," म्हणाले.

काम संपत आलं तेव्हा मी त्यातली थोडी पानं एका छोट्या प्रकाशनाला पाठवली. खेळांच्या इतिहासाची पुस्तकं काढणारा एक माणूस, त्याला आपण फिलिप म्हणू, निवृत्त शिक्षक होता. तो एका शनिवारी दुपारी स्वतः घरी आला. काकूंनी चकल्या केल्या होत्या. त्याने पाच खाल्ल्या, वह्या एकेक हातात घेऊन पाहिल्या आणि खरोखर भारावून म्हणाला की इतकं बारीक काम त्याने कुठेच पाहिलेलं नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच असं म्हणत होतं.

मग फिलिप म्हणाला, "ओन्ली, द बॉटम हाफ." त्याचं म्हणणं असं, की लोक हे पुस्तक विजेत्यांसाठी घेतील, आजोबांबरोबर स्टेडियमवर गेल्याच्या आठवणींसाठी घेतील. पानोपानी मेलेली कुत्री कोण वाचणार? शिवाय ज्यांच्या घरातले लोक ट्रेनर होते ते दुखावतील. वरचा अर्धा भाग ठेवू, खालचा काढू. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या आत पुस्तक बाहेर.

मी काकांच्या उत्तराची वाट पाहत होते. मला खात्री होती की ते उठून कोट आणून देतील फिलिपच्या हातात.

"ओके," काका म्हणाले. "नो प्रॉब्लेम."

फिलिप गेल्यावर मी चिडले. "काका, दोन वर्षं मी तेच टाइप करतेय! तुम्हीच सांगता ना, पहिला कोण ते पाटीवर असतं म्हणून?"

"पुस्तक होतंय ना," ते म्हणाले आणि रिसायकलिंगचे डबे बाहेर ठेवायला गेले. तो कचऱ्याच्या गाडीचा दिवस नव्हता.

काकू मात्र खूश होत्या. "होऊ दे गं," त्या मला हळूच म्हणाल्या. "यांचं नाव छापलेलं मला एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही फिलिपसाठी फाइल करायला बसलो. मी प्रत्येक पानाचा खालचा भाग सिलेक्ट करायचे आणि डिलीट दाबायचे. काका शेजारी बसून बघत होते. काकू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रावर मेथी निवडत होत्या. चुलीपुढचा कुत्रा गेला. शाळामास्तरणीची कुत्री गेली. माझं बोट चालत होतं. मग ते पान आलं. बाकीच्या पाच जणांचं काढलं आणि मी थांबले.

"हिच्यापुढे कापायला काही नाही," मी म्हटलं.

"आहे," काका म्हणाले. "लिहिलं नाहीये, एवढंच."

मी लॅपटॉपवरचा हात काढला.

"केनेलमध्ये हिला पेग म्हणायचे," ते म्हणाले. "नारिंगी जॅकेट. हिला पेटीपर्यंत मीच नेलं होतं. दुसऱ्या वळणावर धक्का लागला आणि मागचा पाय मोडला. तरी ती थांबली नाही. तीन पायांवर शर्यत पुरी केली. लोक पहिल्याभोवती जमले होते, तर मी तिला उचलून मागे डॉक्टरच्या खोलीत नेलं. डॉक्टर म्हणाला, प्लास्टर घातलं तर सहा आठवड्यांत चालेल, पळणार नाही. ट्रेनर वाईट नव्हता, पण त्याच्याकडे चाळीस कुत्री. तो मला म्हणाला, यू आर फॉन्ड ऑफ हर. टेक हर होम. नाहीतर सुई."

"मग?" मी विचारलं.

"माझी एक खोली होती. मालकाची अट होती, जनावर चालणार नाही. आणि गुरुवारी..." काकांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "गुरुवारी ही येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदा. नव्या नवरीला एअरपोर्टवरून आणायचं आणि खोलीत प्लास्टरमधलं कुत्रं दाखवायचं? मी म्हटलं, नो सर."

काकूंच्या हातात मेथीची काडी होती, ती तशीच राहिली.

"डोकं मी धरलं होतं," काका म्हणाले. "ती मला टेकून उभी होती. तशीच खाली आली."

काका माझ्याकडे वळून, पण खरं तर काकूंसाठीच, बोलत राहिले. त्याच हिवाळ्यात त्यांनी पहिली वही आणली. आधीच्या शर्यतींतल्या कुत्र्यांचं काय झालं ते शोधायला लागले, मग नंतरच्यांचं. "बाकी सगळ्यांचं शोधलं. हिचं शोधायची गरज नव्हती. काल फिलिपने खालचं काढा म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं गं. माझं पान इतरांसारखंच होणार होतं."

"मला विचारलं असतंत तर?" काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता.

"तू मिरजेत होतीस. दहा मिनिटांत तुला कसं विचारणार?"

"नंतर? पन्नास वर्षांत?"

काकूंनी वर्तमानपत्राची घडी केली, देठ आणि पानं सगळी एकत्र, आणि वर निघून गेल्या. थोड्या वेळाने व्हॅक्यूमचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ एकाच जागी चालू होता.

पुस्तकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सोमवारी काकांनी टाय लावून फिलिपला फोन केला आणि म्हणाले, "सर, होल पेज ऑर नो पेज." फिलिपने वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि त्याला खरंच वाटलं असावं, पण तो नाहीच म्हणाला. मी काढलेले सगळे भाग परत घातले. स्टेशनजवळच्या प्रिंटवाल्याने साठ प्रती करून दिल्या. त्या काकांनी फोनवर भेटलेल्या बायकांना पोस्टाने पाठवल्या. पैकी नऊ जणींची पत्रं आली, आणि एकीने तर दोन चुका दाखवल्या. त्या दिवशी काका घरभर शीळ घालत फिरत होते. माझी प्रत आता क्रॉयडनला माझ्या फ्लॅटमध्ये आहे.

पण मला सांगायचाय तो मंगळवार.

दोन दिवस काकू कामापुरतंच बोलल्या होत्या. चहा ठेवलाय. बिल आलंय. मी त्या घरात पहिल्यांदाच डबा खोलीत नेऊन जेवत होते. मंगळवारी मी ऑफिसमधून आले तर किचनमध्ये काका एकटेच बसलेले, समोर एकोणिसावी वही उघडी. कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं होतं. अक्षर हललेलं होतं, पण वाचता येत होतं. खोली, मालकाची अट, गुरुवार, स्वतःचं नाव, आणि शेवटी 'सुई दिली'. मी कोट काढत होते तेवढ्यात काकू जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी उभ्या उभ्याच ते वाचलं.

"अर्धवट आहे," त्या म्हणाल्या.

"काय राहिलं?" काका म्हणाले.

"पेन घ्या. लिहा. 'बायकोला विचारलं असतं तर तिनेही नाहीच म्हटलं असतं.'"

काकांनी मान वर केली. "अगं, हे कशाला? तू नव्हतीस तिथे."

"नव्हते. म्हणून तर सगळं स्वतःच्या माथी घेऊन बसलात." काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मी दोन रात्री विचार करतेय. आधी वाटलं, मला विचारलं असतंत तर मी घेऊन आले असते तिला, मांडीवर घेऊन बसले असते. मग आठवलं मी कशी आले होते ते. बावीस वर्षांची. अंगात वहिनीचा स्वेटर. विमानात तीनदा उलटी झाली होती. एक खोली, बाथरूम खालच्या मजल्यावर, दोन शब्द इंग्रजी येत नव्हतं. त्यात तुम्ही मला लंगडं कुत्रं दाखवलं असतंत ना, तर मी रडून घर डोक्यावर घेतलं असतं. म्हटलं असतं, हे तरी जाईल नाहीतर मी तरी. एवढी चांगली नव्हते हो मी तेव्हा."

काकांनी पेन उचललं.

"लिहा," काकू म्हणाल्या. "एकट्याच्या नावावर नका ठेवू."

काकांनी लिहिलं. एक ओळ, पण त्याला फार वेळ लागला. लिहून झाल्यावर काकूंनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा लावला, आणि बोट ठेवून ओळ वाचून पाहिली. शेवटच्या 'असतं'वरचा अनुस्वार राहिला होता. त्यांनी काकांच्या हातातून पेन घेतलं आणि तो स्वतः दिला.